म्हाताऱ्या माणसाला कॅज्युअल्टीतून घरी सोडताना चिठ्ठी कशी लिहायची

नवे इंटर्न, हाउसमन आणि पहिल्यांदाच रात्रपाळीला एकटे उभे राहणारे मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोल्हापुरातली कॅज्युअल्टी म्हणजे बाराही तालुक्यांचं दार. चंदगडचा माणूस शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून येतो, गगनबावड्याचा घाट चढून सिंधुदुर्गातले येतात, निपाणीकडचे सीमा ओलांडून येतात. त्यात साठीच्या पुढची माणसं खूप, आणि सगळीच काही भरती होत नाहीत. सलाईन संपतं, ईसीजी ठीक असतो, आपण चिठ्ठी लिहितो आणि म्हणतो, "आजी, जावा आता घरी."

वॉर्डात दाखल झालेल्याच्या औषधांवर सकाळच्या राउंडला कुणी ना कुणी पुन्हा नजर टाकतं. घरी गेलेल्याच्या चिठ्ठीवर कुणीच टाकत नाही. ती दहा मिनिटांत लिहिलेली असते आणि आपण कधीही न पाहिलेल्या घरात तिच्याबरहुकूम गोळ्या गिळल्या जातात.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातले आबा उसाच्या सरीत पाय घसरून कंबरेवर पडले. एक्स-रे चांगला होता. मी ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि क्लोरझोक्साझोन एकत्र असलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा पाच दिवस लिहिली, वर ॲसिडिटीची पँटोप्राझोल. बीपीची गोळी चालू आहे असं ते म्हणाले होते. कुठली, ते मी विचारलं नाही. मे महिना होता, आबा दुखण्यानं धड खात-पीत नव्हते. सहाव्या दिवशी परत आणलं तेव्हा लघवी जवळजवळ बंद झाली होती. बीपीची ती गोळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या क्लोरथॅलिडोनची होती. ती, त्यावर माझी दुखण्याची गोळी आणि अंगातलं कमी झालेलं पाणी, एवढ्यानं किडनी बसली. आबा वाचले, डायलिसिसही टळलं, पण तीन आठवडे अंथरुणात गेले. त्यांची सून शांतपणे मला म्हणाली, "गोळ्यांची पिशवी तवाबी आणलीती मॅडम. तुम्ही मागितली न्हाईसा."

म्हणून पहिली पायरी तीच.

पायरी १: पिशवी मागा

"कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: "काय न्हाई, फक्त बीपीची एक गोळी." लोक खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी औषध म्हणजे मोठ्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलेलं. मेडिकलमधनं आणलेली गुडघ्याची गोळी, झोपेची अर्धी गोळी, गावातल्या डॉक्टरची पुडी, पोट साफ व्हायचं चूर्ण, डोळ्यात घालायचा थेंब, यातलं काहीच त्या हिशेबात धरलेलं नसतं. तेव्हा एकेक करून विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत विचारा. रातच्याला झोपायला काय घेता? गुडघ्याला काय खाता? परवा ताप आलता तवा कुणाकडं गेलता, त्यांनी काय दिलं? सणावाराला पाहुण्यांनी काही आणून दिलंय का?

रंग आणि आकारावर भरवसा ठेवू नका.

"आबा, बीपीची गोळी कुठली?"
"पांढरी. बारकी हाय."
"आणि शुगरची?"
"ती बी पांढरीच की."

पिशवी आली की सगळी पाकिटं स्ट्रेचरवर किंवा टेबलावर उलटी मांडा. ठळक अक्षरात कंपनीनं दिलेलं नाव असतं, आपल्याला हवी आहेत त्याखालच्या बारीक अक्षरातली घटकांची नावं. एकदा शिरोळकडच्या एका आजींच्या पिशवीत दोन वेगळ्या रंगांची, वेगळ्या नावांची पाकिटं होती. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं इचलकरंजीत लेकीकडे गेल्या असताना दाखवलेल्या डॉक्टरांचं. दोन्हींत टेल्मिसार्टन ४०, आणि एकात वर हायड्रोक्लोरोथायाझाइड. आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या आणि "उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया" म्हणून आल्या होत्या. त्यांना नवीन गोळी लागलीच नाही. एक पाकीट बाजूला काढलं, फिजिशियनशी बोलून उरलेल्याचा डोस ठरवला आणि दोन दिवसांनी बीपी बघायला बोलावलं.

मेडिकलवाले पाकीट कापून चार गोळ्या देतात, तेव्हा नाव आणि मुदत दोन्ही कात्रीखाली जातात. अशा तुकड्यावरून अंदाज बांधू नका. घरी कुणी असेल तर फोन लावा आणि उरलेल्या पाकिटाचा पुढून-मागून फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. रात्री अकरा वाजताही नातू पाच मिनिटांत पाठवतो, हा माझा अनुभव आहे.

पिशवीत तीन गोष्टी मुद्दाम शोधा. पहिली, काचबिंदूचा टिमोलॉलचा थेंब. तो डोळ्यातून अंगात जातो, नाडी मंद करतो, दमेकऱ्याचा दमा वाढवतो, आणि औषध म्हणून कुणी त्याचं नावही घेत नाही. दुसरी, मेथोट्रेक्सेट. संधिवाताला ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण घरात कुणीतरी रोज देऊ लागतं. तोंडात फोड, ताप आणि पांढऱ्या पेशी घसरलेल्या, असं चित्र दिसलं तर आधी हे विचारा. तिसरी, "सांध्यांची पावडर". असल्या पावडरीत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल झालाय, हातांवर जरा लागलं की काळेनिळे डाग पडतायत, साखर अचानक वाढलीय, अशा माणसाला "ती पावडर फेकून द्या" एवढंच सांगून घरी पाठवू नका. महिनोन्महिने चाललेलं स्टेरॉइड एका दिवसात थांबलं तर माणूस कोसळतो. त्या रुग्णासाठी मेडिसिनच्या डॉक्टरांना बोलवा.

पायरी २: आलेला त्रासच औषधाचा आहे का, ते बघा

पडणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, रक्तस्राव, साखर उतरणं, लघवी अडणं, चार दिवस शौचाला न होणं. म्हातारपणी यातलं प्रत्येक दुखणं गोळीनंही होतं. २०११ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांच्या दुष्परिणामामुळे तातडीनं भरती व्हावं लागलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमागे औषधांचे चारच गट होते: वॉरफरिन, इन्सुलिन, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि साखरेच्या गोळ्या. "म्हाताऱ्यांना देऊ नये" अशा याद्यांतल्या औषधांचा वाटा त्यात अगदी थोडा होता. याद्या हव्यातच. अमेरिकेतले बीअर्स निकष १९९१ पासून आहेत आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारले गेले, आयर्लंडमधून आलेले स्टॉप-स्टार्ट निकषही आहेत. त्या एकदा नीट वाचा. पण यादीत नसलेली, गरजेची, रोजची गोळीच जास्त वेळा घात करते, हे ध्यानात ठेवून पिशवीकडे बघा.

बीपी आडवं झोपवून घ्या, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर चकरेचं कारण बहुधा हातात आलं. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, लघवीची गोळी, बीपीच्या दोन-दोन गोळ्या, सगळ्यांवर मग संशय घ्या. अचानक बडबडायला लागलेल्या आजींचं सोडियम बघा, विशेषतः क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर.

एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, दुसरीच्या त्रासावर तिसरी, अशी साखळी आपणच कॅज्युअल्टीत सुरू करतो. बीपीच्या ॲम्लोडिपिननं पाय सुजतात, आपण सुजेला लघवीची गोळी देतो, तिनं सोडियम आणि पोटॅशियम उतरतं, माणूस गळून जातो, पुन्हा कॅज्युअल्टीत येतो आणि आपण सलाईन लावतो. पाय सुजलेला माणूस दिसला की फुरोसेमाइड लिहिण्याआधी पाकिटात ॲम्लोडिपिन आहे का, एवढं बघा.

पायरी ३: किडनीचं गणित कागदावर मांडा

लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१, शेजारी "नॉर्मल". इथं फसायला होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि म्हातारपणी स्नायूच उरलेले नसतात. किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, त्याचं गणित सोपं आहे: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन एवढ्यानं भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणा. वजनाला अंदाज चालत नाही, काट्यावर उभं करा.

७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजी घ्या. १४० वजा ७८ म्हणजे ६२. ६२ गुणिले ४५ म्हणजे २७९०. ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२. भागाकार ३५ आणि ०.८५ नं गुणल्यावर ३०. "नॉर्मल" रिपोर्टवाल्या आजींची किडनी मिनिटाला ३० मिलिलिटरवर चालली आहे. त्यांना डायक्लोफिनॅक नको, नायट्रोफ्युरँटॉइन नको, लेव्होफ्लॉक्सासिन आणि प्रीगाबॅलिन कमी डोसात, सेटिरिझिन ५ मिलिग्रॅमच. हे दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे असतो.

पायरी ४: तक्रारीला गोळी जोडण्याआधी थांबा

सगळ्यात फसवा शब्द "चक्कर". आपल्या भागात या एका शब्दाखाली तीन वेगळी दुखणी येतात आणि कॅज्युअल्टीत तिन्हींना एकच उत्तर मिळतं: सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन. तेव्हा विचारा, "म्हंजे नेमकं काय हुतंय?" आणि बोलू द्या. "घर फिरल्यागत हुतंय, कूस बदलली की जास्त" असं म्हणाले तर तो कानातला दोष आहे. डिक्स-हॉलपाइक (मान वळवून झटकन आडवं करायची तपासणी) करून बघा, जमलं तर तिथंच एप्ले (डोकं ठरावीक क्रमानं फिरवायचा उपचार) करा. येत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक दुपार घालवून शिकून घ्या. गोळी द्यावीच लागली तर दोन-तीन दिवस, त्याच्या पुढं नाही. "उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया" म्हणाले तर बीपीच्या गोळ्या, अंगातलं पाणी, हिमोग्लोबिन आणि ईसीजी बघा. इथं चकरेची गोळी दिली तर बीपी आणखी उतरेल. "चालताना झोक जातोय" म्हणाले तर पायांच्या नसा, दृष्टी, गुडघे, झोपेची गोळी यांच्याकडे जा. आणि अचानक सुरू झालेली चक्कर, सोबत जीभ जड, एकाचे दोन दिसतायत, उभंच राहता येत नाही, नव्यानं डोकं ठणकतंय, असं काही असेल तर तो मेंदूच्या मागच्या भागाचा झटका असू शकतो. त्याला घरी सोडायचंच नाही.

हे इतकं लांबवून सांगते, कारण सिनारिझिन महिनोन्महिने खाऊन हात कापायला लागलेली, पाय घासत चालणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण पाच दिवसांची चिठ्ठी दिलेली असते, पण तोच कागद दाखवून मेडिकलमधून गोळ्या वर्षभर येत राहतात. पुढं कुणीतरी त्याला पार्किन्सनचं औषध सुरू करतं, ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि मग लघवी अडते, शौच बंद होते, रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात. या सगळ्याची सुरुवात एका चकरेच्या गोळीनं झालेली असते.

दुखण्याचं बघू. नातेवाईक म्हणतात, "एक सुई मारा की मॅडम, त्याबिगर आबांना बरं वाटत न्हाई." तुमच्यावर दबाव येणार आणि तिथंच ठाम राहायचं आहे. बीपी, हृदय, किडनी, जुना अल्सर, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काहीही असलं तर डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, पायरॉक्सिकॅम नको, सुईनंही नको. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, तीन ते पाच दिवस. "दुखलं तर घ्या" असं सांगितलं की म्हातारी माणसं सहन करत बसतात आणि मग म्हणतात, गोळीनं काही झालं नाही. एकूण दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास ठेवा आणि पिशवीत सर्दीची गोळी असेल तर तिच्यातलं पॅरासिटामॉलही मोजा. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं मलम चालतं, ते अंगात फार थोडं जातं. स्नायू सैल करणाऱ्या क्लोरझोक्साझोनसारख्या गोळ्यांनी कंबर फारशी सुटत नाही आणि माणूस गुंगतो, पडतो. ट्रामाडोल द्यायची वेळ आली तर कमी डोसात आणि मोजून द्या. तिनं शौच बांधते, सोडियम उतरतं, फिट येऊ शकते, आणि एस्सिटालोप्राम ही उदासीची गोळी चालू असलेल्याला तर नकोच.

सर्दी आणि खाज यांत चटकन सगळ्यांना क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिनची सुई दिली जाते. प्रोस्टेट मोठं असलेल्या आबांची लघवी दुसऱ्या दिवशी अडते आणि नळी घालायला तुमच्याकडेच येतात. पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन, तिचंही तेच. उलटीला मेटोक्लोप्रमाइडनं अंग आखडतं. पँटोप्राझोल-डोम्परिडोनची कॅप्सूल "सोबत असू द्या" म्हणून लिहू नका. डोम्परिडोन हृदयाचा ठोका बिघडवू शकतं, साठीनंतर जास्तच, आणि ॲसिडिटीची गोळी एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षं थांबत नाही.

झोप लागत नाही म्हणून कॅज्युअल्टीतून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम नव्यानं सुरू करायचंच नाही. पण जी आजी दहा वर्षं घेते आहे तिची तडकाफडकी बंदही करू नका. तिसऱ्या दिवशी ती थरथरत, बरळत परत येईल. कमी करणं हे ओपीडीचं, महिन्यांचं काम आहे.

अँटिबायोटिकच्या बाबतीत आधी विचारा, हवंय का? जळजळ नाही, ताप नाही, लघवीत फक्त पसपेशी दिसल्या, एवढ्यावर देऊ नका. द्यायचंच ठरलं तर पिशवीतल्या गोळ्यांशी त्याचं जुळतं का ते बघा. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोल दिलं की रक्त नको इतकं पातळ होतं. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसोबत को-ट्रायमॉक्साझोल दिलं की पोटॅशियम चढतं. मेथोट्रेक्सेटसोबत तर ते जीवघेणं आहे. साखरेच्या ग्लिमेपिराइडसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन दिलं की साखर उतरते. स्टेरॉइडवर असलेल्या साठीपुढच्या माणसाला लेव्होफ्लॉक्सासिननं टाचेची शीर (टेंडन) तुटू शकते.

आता साखर. नवरात्रात हे हमखास दिसतं. अंबाबाईचं गाव, आजीचे नऊ दिवसांचे उपवास. पोटात शेंगदाण्याचा लाडू आणि चहा, पण ग्लिमेपिराइड चुकवलेली नाही, कारण डॉक्टरनं सांगितलंय रोज घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी घामानं डबडबलेली, निपचित आजी स्ट्रेचरवरून येते. साखर ३५. आपण शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज देतो आणि पाच मिनिटांत आजी उठून बसते, पदर सावरते, "मला काय झालंतं?" विचारते. नातेवाईक म्हणतात, न्हेतो घरी. नेऊ देऊ नका. गोळीचा अंमल दिलेल्या साखरेपेक्षा खूप जास्त वेळ टिकतो, किडनी कमजोर असेल तर आणखीच. मध्यरात्री साखर पुन्हा उतरते, तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यातल्या कुठल्याही गोळीनं साखर उतरली असेल तर निदान चोवीस तास ठेवून घ्या. सोडताना ती गोळी थांबवूनच सोडा आणि ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवा. उपवास करू नका असं आजीला सांगून ती ऐकणार नाही. "उपासाच्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, आणि उपास धरायच्या आठवडाभर आधी डॉक्टरला सांगायचं" हे ती ऐकते.

जुलाब-उलट्यांचे रुग्ण सोडताना सांगा की खाणं-पिणं पूर्ववत होईपर्यंत लघवीची गोळी, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलच्या जातीची गोळी, साखरेच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवायच्या, आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही लिहून द्या. थांबवलेलं तसंच राहिलं तर तोही घात आहे. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या अधिकारात कधी बंद करू नका. स्टेंट बसवलेल्याची क्लोपिडोग्रेल नाकातून थोडं रक्त आलं म्हणून बंद करायची नसते, आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. पडून डोक्याला मार लागलेला असा रुग्ण मात्र सीटी स्कॅन झाल्याशिवाय सोडू नका.

पायरी ५: लिहा

औषधाचं मूळ नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरात. २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेतच तसं आहे. त्याशिवाय कागदाचे तीन भाग करा: नवीन, बंद, जुनी तशीच चालू. बंदचा भाग सगळे विसरतात. नवीन गोळीपुढं मराठीत कशासाठी ते लिहा, "कंबरदुखीसाठी", आणि शेवटची गोळी कुठल्या तारखेला, ते. "पाच दिवस" लिहिण्यापेक्षा तारीख बरी, आणि खाली "या तारखेनंतर पुन्हा देऊ नये" असं मेडिकलवाल्यासाठी. १-०-१ चा अर्थ आपल्याला कळतो. वाचता न येणाऱ्या आजीला सूर्य आणि चंद्र काढून द्या.

नव्या गोळ्या किती? मी स्वतःला दोनची मर्यादा घातली आहे. तिसरी लिहायची झाली तर खुर्चीवरून उठून रुग्णाकडे पुन्हा जाते. फार वेळा तिसरी लागत नाही.

पायरी ६: जो गोळ्या काढून देतो, त्याला सांगा

कॅज्युअल्टीत सोबत आलेला माणूस बहुधा शेजारचा, गाडी असलेला पुतण्या. घरी गोळ्या काढून देणारी सून किंवा नात. तिला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. सांगून झालं की तिच्याकडून वदवून घ्या: "ताई, आता मला सांगा, उद्या सकाळी आबांना काय काय द्यायचं?" तिचं चुकलं तर आपलं सांगणं चुकलं, तेव्हा न रागावता पुन्हा सांगा. बंद केलेली पाकिटं तिथंच रबर लावून वेगळी बांधून द्या. घरात दोघंच म्हातारे असतील, पोरं पुण्याला असतील, तर आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी घ्यायला सांगा. मेडिकलमध्ये मिळते.

पायरी ७: परत कुठं आणि कधी

"त्रास झाला तर या" हे आजऱ्याच्या किंवा शाहूवाडीच्या माणसाला सांगून उपयोग नाही. शेवटची एसटी गेलेली असते, दिवसाची मजुरी बुडते. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लज भागाला तिथलं उपजिल्हा रुग्णालय, यापैकी एकाचं नाव आणि वार चिठ्ठीवर लिहा. तिसऱ्या दिवशी बीपी, आठवड्यानं क्रिएटिनिन आणि सोडियम, जे हवं ते नेमकं. गावच्या आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांनाही कळवायला सांगा. आणि १०८ ला कधी फोन करायचा ते चार शब्दांत लिहा: लघवी बंद, काळी शौच, बोलण्यात भ्रम, उठवूनही न उठणं.

महिन्यातून एकदा स्वतःच्या चिठ्ठ्या तपासा

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत इक्विप्ड नावाचा उपक्रम नेमक्या याच प्रश्नावर चालतो, कॅज्युअल्टीतून घरी जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्या. त्यात तीन गोष्टी आहेत: डॉक्टरांना शिकवणं, संगणकावर सुरक्षित औषधांचे तयार संच देणं, आणि प्रत्येक डॉक्टरला त्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांचा हिशेब दाखवणं, सहकाऱ्यांच्या तुलनेत. अयोग्य औषधांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणायचं हे त्यांचं ध्येय. आपल्याकडे तसा संगणक नसला तरी तिसरी गोष्ट वहीनं होते. महिन्याच्या शेवटी साठीपुढच्या रुग्णांचे तुमचे वीस केस पेपर काढा आणि एका मित्राचे वीस. एकमेकांचे तपासा. किती जणांत दुखण्याची गोळी टेल्मिसार्टनवर पडली, किती चकरेच्या गोळ्यांना शेवटची तारीख नाही, ते मोजा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. आता दर महिन्याला करते.

आम्ही केस पेपरवर मारायला एक रबरी शिक्का करून घेतला आहे. करायला फार पैसे लागत नाहीत. तुम्हाला हवा असेल तर मजकूर असा:

पिशवी पाहिली: होय / फोटो मागवला / नाही
वजन: ____ क्रिएटिनिन क्लिअरन्स: ____
नवीन: ____ शेवटची गोळी, तारीख: ____
बंद: ____
कुणाला सांगितलं (नातं, फोन): ____